शनिवारची नर्स

बेटावरच्या आमच्या मॉर्न सिली गावात निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या उमेदवाराचा ट्रक गावभर फिरतो. वर भोंगे, मागे नाचणारी माणसं. ज्या घरात नुकतीच माती झाली असेल त्याच्यासमोर मात्र गाणं बंद होतं. ते कुणाला सांगावं लागत नाही.

कटबर्ट नोएल सहाव्यांदा संसदेत निघाले होते. ते शाळेत आईच्या वर्गातले. मागच्या पाचही निवडणुकांना ते आमच्या व्हरांड्यात बसून कोको पीत, मत मागत, आणि आई तोंडावर नाही म्हणे. आधी दवाखान्यात शनिवार-रविवार नर्स दे, मग माग. होणार, फीमी, होणार, असं ते आईला नावानं हाक मारून म्हणत. तारीख कधीच सांगत नसत. तारीख दिली की माणूस सापडतो, हेही त्यांनीच हसत सांगितलेलं.

आई पाच आठवड्यांपूर्वी गेली, शनिवारी दुपारी. नर्स असती तर वाचली असती का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तो प्रश्न मी सोडून दिला. नर्सचा सोडला नाही.

यंदा प्रचारात ते आमच्याकडे आलेच नाहीत. शेजारची ऑगस्टा मावशी, गावाची टँटी, म्हणाली, लाज वाटली असेल. मला वाटलं, एक नकार कमी झाला म्हणून सुटल्यासारखं झालं असेल.

ट्रक आला, गाणं थांबलं. कटबर्ट उतरून हॅट हातात धरून फाटकाशी उभे राहिले. आईबद्दल दोन शब्द बोलले, चांगले बोलले. मग विचारलं, "मला मत दिलंस?"

"नाही."

"म्हणजे घरातली रीत मोडली नाहीस."

मी म्हटलं, मला तारीख हवी आहे, आणि ती इथे नको, ट्रकवरच्या माइकवर. त्यांनी मंत्रालयाचं नाव काढलं, आधी विचारावं लागेल म्हणाले.

"पंचवीस वर्षं विचारताय, मिस्टर नोएल."

त्यांनी ट्रककडे पाहिलं. कुंपणापलीकडून टँटी म्हणाली, "काय रे कटबर्ट, माइक जड झाला का?" ट्रकमागचे लोक हसले.

ते पुन्हा ट्रकवर चढले, या खेपेला हळू, आणि माइकवर म्हणाले, "पुढच्या महिन्याचा पहिला शनिवार. नर्स नसली तर मी स्वतः दवाखान्याच्या पायरीवर बसेन, आणि फीमीच्या मुलीनं मला हवं ते बोलावं."

कुणीतरी टाळ्या वाजवू लागलं, त्याचा हात शेजारच्यानं धरला. दम्याच्या पोराला कडेवर घेतलेली एक बाई पुढे झाली. तिनं विचारलं, "किती वाजता?"

"आठ," कटबर्ट म्हणाले.

"आठ म्हणजे आठच ना?"

"आठच."

ट्रक वळणाआड गेल्यावर पुन्हा सोकाची नाचाची गाणी वाजू लागली. टँटी कुंपणाला टेकून म्हणाली, "आपण साडेसातलाच जाऊ. उशीर झाला तर म्हणेल, तुम्हीच विसरलात."