यादीत वर चढलेले बसाप्पाण्णा

“आला रं आला! आजबी पयलाच आला!”

कोणीतरी ओरडलं आणि कारखान्याच्या गावातल्या गट ऑफिससमोरची गर्दी एकदम चिडीचूप झाली. पुढच्यांनी चपला काढल्या. एका म्हातारीने फळ्याखाली उदबत्ती खोचली. साखर कारखान्याच्या फळ्याला कोणी हात जोडल्याचं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, पण २००६ सालच्या त्या हंगामात शिरोळ तालुक्यातल्या आमच्या पाहुण्यांच्या गावात हे रोज सकाळी चाललं होतं.

फळ्यावर लागायची ती कारखान्याच्या कॉम्प्युटरवर छापलेली यादी. गावातल्या कोणत्या सभासदाचा आजवर किती ऊस गाळपाला गेला, एवढंच तिच्यात असे. नावं इंग्रजीत, आडनावाच्या क्रमाने. अकिवाटे आधी, वाळवेकर शेवटी. बसाप्पा वाळवेकर वर्षानुवर्षं यादीच्या शेपटाला असत आणि त्यावरून चेष्टाही सोसत. त्या वर्षी कारखान्याची चाकं फिरली आणि पहिल्याच यादीत ते सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तेच. पुढेही रोज तेच.

अडचण एवढीच होती, की बसाप्पा त्या पावसाळ्यातच कृष्णेच्या पुरात वाहून गेले होते.

प्रेत सापडलं नव्हतं. त्यामुळे मृत्यूचा दाखला नाही, वारसनोंद नाही. ऊस अजून त्यांच्याच नावावर जात होता, यात नवल नव्हतं. नवल होतं ते नावाच्या जागेचं. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत राहणारा, हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी चहासुद्धा विचारत नाही. पण त्या फळ्यासमोर उभा राहिलो, फिकट शाईतलं ते नाव वाचलं आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही अंगावर काटा आला. बुडालेल्या माणसाने पाण्यातून डोकं वर काढावं, तसं ते नाव दिसत होतं.

मी आलो होतो भाचीसाठी. विद्याश्री ही माझ्या बहिणीची मुलगी, बसाप्पांची सून. तिला सातवा महिना लागला होता आणि करंटबाबाच्या हुकमावरून परवापासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता.

हा करंटबाबा यादीची बोंब पंचक्रोशीत झाल्यावर उगवला होता. भगवी लुंगी, गळ्यात तांब्याच्या तारेची माळ आणि हातात वायरमनचा टेस्टर. टेस्टर कपाळाला टेकवायचा; दिवा लागला तर बाधा, नाही लागला तर बाधा लपून बसलेली. दिवा लागायचा तेव्हा त्याचा अंगठा टेस्टरच्या बुडाशी सरकायचा, हे मी लगेच ओळखलं. आत सेल बसवलेला असणार. पण गावाचं लक्ष अंगठ्याकडे नव्हतं.

“आत्मा म्हंजे काय? करंट!” बाबा फळ्यापाशी गर्जत होता. “वायर दिसती, करंट दिसतो का? सांगा की! देह पुरात गेला. करंट पाण्यातनं खांबावर चढला. खांबावरनं कारखान्यात, कारखान्यातनं कॉम्प्युटरात. समाधी मिळाली न्हाय म्हणून त्यो वर यून हाका मारतोय. ज्यानं त्याला पाण्यात धाडलं, त्याला बोलवाय लागलाय!”

गर्दीने माना वळवून वाळवेकरांच्या घराकडे पाहिलं. बाबाचा तोडगाही गावाला पाठ झाला होता. नाव खाली उतरेपर्यंत सुनेनं अन्नाला शिवायचं नाही, फक्त अंगाऱ्याचं पाणी प्यायचं आणि वाळवेकरांनी नदीकाठची जमिनीची पट्टी बाबाच्या मठाला द्यायची. करंट विनामूल्य होता, अर्थिंगला मात्र जमीन लागत होती.

घरात विद्याश्री भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले.

“चल, कोल्हापूरला चल. डॉक्टरांना दाखवू,” मी म्हणालो.

“मी न्हाय येत, मामा,” ती हळूच म्हणाली. “पाणी चढत हुतं तवा मीच म्हणालेते, रेडकू शेडात बांधलेलं ऱ्हायलंय. म्हणून मामंजी माघारी गेले. मीच त्यांना धाडलं. आता ते मला बोलवाय लागल्यात.”

ती हे इतक्या शांतपणे बोलली, की मला बाबापेक्षा तिचीच भीती वाटली. तिचा नवरा महांतेश दाराशी मान खाली घालून उभा होता. त्याने चोरून दूध आणून दिलं होतं, पण तिनेच भांडं परत केलं होतं.

सासू गंगव्वा देवघरासमोर बसल्या होत्या. “आपल्या लिंगायतांत माणूस लिंगैक्य झाला म्हणतात, गंगव्वा,” मी समजावू लागलो. “शिवात मिळालेला माणूस भूत हुईल का?”

“समाधीला बसवलेला मिळतोय, पावणं. आमच्या मालकांना माती कुठं मिळाली?” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “मी रोज तितं जाते. नाव बगते. हाईत म्हणून वाटतंय.”

 

मी तडक कारखान्यावर गेलो. कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख आकाराम हा भला माणूस, पण लोकांच्या शिव्या खाऊन रडकुंडीला आलेला.

“सर, परोग्राम त्योच हाय. उन्हाळ्यात डेटाबेसची नवी आवृत्ती घातली, तेवढंच. सगळी सेटिंगं काढून जुन्याशी ताडून बघितली. एकबी बदललेलं न्हाय. आता मलाबी एकट्याला त्या खोलीत बसू वाटंना.”

माझी मुलगी अनुजा कोल्हापुरात एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेस सांभाळते. मी तिला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “पप्पा, शेजारच्या गावाच्या यादीत पहिलं कोण आहे?”

आम्हांला कोणालाच माहीत नव्हतं. आपल्या गावात भूत असताना शेजारच्यांची यादी कोण बघतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा कारखान्यावर आली. निरोप गावात गेला होता, त्यामुळे ट्रॉल्या भरून माणसं आली. बाबाही आला. मशीनसमोरच चमत्कार दाखवायची संधी तो कशाला सोडेल? दार उघडं ठेवून खोलीत गंगव्वा, महांतेश, बाबा धरून आम्ही मोजके लोक, बाकीचे खिडक्यांना.

बाबाने मॉनिटरला टेस्टर लावला. “बसाप्पा! हाईस का?”

आकारामने बटण दाबलं. प्रिंटर करकरला. पहिलं नाव वाळवेकर बसाप्पा. खिडक्यांतून हुंदके ऐकू आले. गंगव्वांनी पदर तोंडाशी धरला.

“आता मी बोलावते,” अनुजा म्हणाली आणि खुर्चीवर बसली. “आकारामदादा, तुम्ही ताडलीत ती दिसणारी सेटिंगं. डेटाबेस बनवणारी कंपनी शेकड्यानं सेटिंगं झाकून ठेवते. त्यांची नावं खालच्या रेघेनं, अंडरस्कोरनं सुरू होतात. तुम्ही स्वतः ती बदलली नसतील, तर नेहमीच्या यादीत ती येतच न्हाईत. भूत न्हाय ते. फक्त झाकलेलं हाय.”

ती डेटाबेसच्या मुख्य खात्यातून आत शिरली. डेटाबेस स्वतःपुरते जे आतले तक्ते ठेवतो, त्यांतले दोन तिने जोडले. एकात झाकलेल्या सेटिंगांची नावं, दुसऱ्यात त्यांची सध्याची मूल्यं. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. आकारामने आ वासला. आपल्याच घरात इतक्या खोल्या होत्या आणि आपल्याला पत्ता नव्हता, असा त्याचा चेहरा झाला.

अनुजाने एका ओळीवर बोट ठेवलं. “हे बघा. बेरजेसाठी गट पाडताना नवी पद्धत वापरायची का? उत्तर, हो. हे नव्या आवृत्तीबरोबर आलंय.”

“म्हंजे?” खिडकीतून कोणीतरी विचारलं.

“प्रत्येक गाडीच्या वजनाची पावती असते की न्हाय? एका माणसाच्या पावत्या एकत्र करायला मशीन आधी सगळ्या पावत्या नावाच्या क्रमानं लावायचं, मग बेरीज करायचं. म्हणून यादी आपोआप क्रमानं यायची. ‘क्रमानं दे’ असं आपण त्याला कधी सांगितलंच न्हवतं. आता ते क्रम लावत बसत न्हाय. पोस्टातल्या खणांच्या कपाटागत करतंय. नावावरनं एक गणित मांडतंय, ज्या त्या नावाच्या पावत्या ज्या त्या खणात टाकतंय आणि शेवटी खण ओळीनं वाचतंय. बसाप्पांच्या नावाचं गणित पहिल्या खणावर पडतंय.”

तिने फक्त आपल्यापुरतं ते सेटिंग ‘नाही’ केलं आणि यादी काढली. अकिवाटे पहिले. बसाप्पा तळाला. ‘हो’ केलं, बसाप्पा वर. ‘नाही’ केलं, खाली.

“तू नाव हालवतीस!” बाबा खेकसला. “मेल्या माणसाची चेष्टा!”

“बरं. मग गेल्या हंगामातल्या पावत्या घेऊ,” अनुजा शांतपणे म्हणाली. “तेव्हा बसाप्पा जिते होते. तोच प्रोग्राम, नवी पद्धत.”

प्रिंटर पुन्हा करकरला. पहिलं नाव वाळवेकर बसाप्पा. खिडक्यांत कुजबुज झाली. जित्या माणसाचा करंट खांबावर कसा चढला, असं कोणीतरी बाबाला विचारलं.

“आता शेजारचं गाव.” कागद बाहेर आला. आकारामने मोठ्याने वाचलं, “गुंडू तेरदाळे.”

गुंडू तेरदाळे खिडकीतच उभा होता. आलेल्यांतली एक ट्रॉली त्यानेच भरून आणली होती. तो एकदम दचकला. “आयला! म्हंजे मीबी मेलोय व्हय?”

“तुज्यावर सावट हाय,” बाबाने टेस्टर उगारला.

“सावट? सकाळी टोपलंभर भाकरी हाणून आलोय! त्यो टेस्टर हिकडं आण, आत काय हाय ते बगतो.” गुंडूने खिडकीतून हात घालून टेस्टर ओढला. बुडाचं टोपण निघालं आणि सेल फरशीवर गडगडत गेला. लोक हसले. ते हसू ऐकून बाबाने दार गाठलं. महांतेश वाटेत आडवा उभा राहिला, पहिल्यांदाच ताठ. “पट्टीचं नाव परत काढलंस, तर पोलिसात घालीन,” तो म्हणाला. बाबा त्याच्या काखेतून निसटून गेला.

आकारामने यादी काढायच्या हुकमाला एक ओळ जोडली, नावाच्या क्रमाने लाव, एवढीच. झाकलेलं सेटिंग अनुजाने होतं तसं ठेवलं. ते वाईट नव्हतंच; आपल्याला हवं ते आपण स्पष्ट सांगितलं नव्हतं.

मी मनात विजयाचं भाषण जुळवत होतो. तेवढ्यात गंगव्वा टेबलापाशी आल्या.

“पोरी, ते एकदा वर आण की.”

अनुजाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने जुना हुकूम चालवला. कागद बाहेर आला. गंगव्वांनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं.

“हे तू आणलंस.”

“व्हय, अव्वा. मी आणलं.”

“त्यांनी न्हाय.”

“न्हाय.”

गंगव्वा खाली बसल्या आणि रडल्या. पुरानंतर त्या पहिल्यांदाच रडल्या, असं महांतेश मला नंतर म्हणाला. इतके महिने त्या वाट बघत होत्या. त्या दिवशी त्यांचा नवरा गेला. खिडक्यांतली माणसं माना खाली घालून उभी होती. माझं भाषण माझ्या घशातच राहिलं आणि ते बरंच झालं.

मग त्यांनी डोळे पुसले. “महांतेशा, गाडी काढ. घरात पोरगी उपाशी हाय.”

घरी त्यांनी ताटली घेतली, दूधभात कालवला आणि विद्याश्रीसमोर बसल्या. ती तोंड उघडेना. “रेडकू वराडताना मीबी ऐकलंतं,” गंगव्वा म्हणाल्या. “तू बोलली नसतीस, तर मी बोलले असते. आन् आमी दोगी गप बसलो असतो, तरी ते गेलेच असते. तसलाच माणूस हुता. खा.” विद्याश्रीने पहिला घास घेतला. संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेलं. पोर सुखरूप होतं.

गेलेल्या माणसाला मन शोधत राहतं, यात लाजण्यासारखं काही नाही. मीही त्या फळ्यासमोर शहारलोच होतो. पण त्या शोधावर कोणी दुकान मांडून तुमच्या लेकीसुनेच्या तोंडचा घास काढू लागला, तर हात जोडण्याआधी एक काम करा. शेजारच्या गावाची यादी मागवा आणि तिथे पहिलं कोण आहे ते बघा. तो माणूस बहुतेक जिवंत असेल आणि जेवून आलेला असेल.