दाराशी थांबणारी खिडकी

कांचन गेल्याचं मला ऑफिसात कळलं. दुपारी हॉस्पिटलमधून फोन आला. त्या दिवशी सकाळीच ती स्वयंपाकघरातून ओरडली होती, "प्रसाद, तुझी खिडकी पुन्हा पळाली!" मी हसत कामावर गेलो होतो.

हे २०१६ सालचं, न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चचं. कंप्युटरच्या स्क्रीनवर विंडो कुठे उभ्या राहतील, कशा सरकतील, हे ठरवणारा प्रोग्रॅम मी हौसेने लिहिला होता. तो वापरणारी माणसं दोनच, मी आणि माझी बायको कांचन. विंडोला ती खिडकीच म्हणायची. तरंगती खिडकी स्क्रीनच्या कडेला आली की तिने काय करावं, यावर आम्ही भांडायचो. मी म्हणायचो, हात नेईल तिकडे जाऊ द्यावी, अगदी कडेबाहेरसुद्धा. ती म्हणायची, अडलीच पाहिजे. ती गेल्यावर मी तो प्रोग्रॅम उघडला नाही.

पुढच्या वर्षी सासूबाई माझ्याकडे राहायला आल्या. कांचनचा लॅपटॉप त्यांनी घेतला. रोज एका खिडकीत व्हिडिओ कॉलवर पुण्याची त्यांची बहीण, लीलामावशी, आणि दुसरीत शब्दकोडं.

एका रविवारी हाक आली, "प्रसादराव, धावा! लीला पडली!"

मी बागेतून जँडल्ससकट, म्हणजे इथल्या रबरी चपलांसकट, आत धावलो. "कुठे पडल्या?"

"इथून." त्यांनी स्क्रीनच्या उजव्या कडेकडे बोट दाखवलं.

मावशी दिसत नव्हत्या, पण ऐकू येत होत्या. "मने, मी आहे इथेच! तूच ढकललंस मला!"

"कोड्यावर येऊन बसलीस, म्हणून जरा बाजूला सारलं. आणि प्रसादराव, आधी ते जँडल्स काढा."

जँडल्स काढून मी मावशींना परत आत आणलं. म्हणालो, "आई, खिडकी कडेला अडायलाच हवी, असं कांचन म्हणायची."

"अडवायची कशाला? पाहुण्याला अडवायला आपण दारात आडवे पडतो का? पण तो उठला की सरळ निघूनही जात नाही. दाराशी थांबतो, बोलतो. मग 'येतो' म्हणतो. 'जातो' कोणी म्हणत नाही."

"तुझं दारातलं बोलणं तर जेवणापेक्षा लांबतं," मावशी म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी प्रोग्रॅम उघडला. आता खिडकी कडेशी आली की थांबते. आणखी जोर लावला तर बाहेर जाते, पण पूर्ण नाही. बोटभर भाग आत राहतो, तो धरून तिला परत ओढता येतं. या सेटिंगला मी 'येते' असं नाव दिलं.

आईंनी तपासणी मन लावून केली. मावशींना ढकललं, ओढलं, पुन्हा ढकललं.

"मने, मला चक्कर येतेय!"

"अडतेही आणि जातेही," आई मला म्हणाल्या. "म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. मग भांडत कशाला होतात?"

"आम्हाला आवडायचं," मी म्हणालो.

वरच्या कडेचं मात्र राहिलं आहे. खिडकी वर गेली की ती धरायची पट्टीच आधी दिसेनाशी होते, आणि मग तिला खाली ओढता येत नाही. ते अजून जमलेलं नाही.