ज्याची लेक त्यानं न्यावी

पुणतांब्याच्या शिवारात आक्काबाईंच्या घरची पेरूची बाग होती. सकाळी सुनांनी पेरू निवडून क्रेट भरायचे आणि थोरल्या मुलाने, भीमाने ते टेम्पोत घालून बाजाराला न्यायचे, हा घरचा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी धाकटी सून ज्ञानेश्वरी क्रेट उचलायला वाकली ती तशीच खाली बसली. तोंड सुजलेलं, मानेच्या शिरा दोरीसारख्या फुगलेल्या.

"दम लागतोय, ताई," एवढंच ती थोरल्या जावेला, मोनिकाला म्हणाली.

ओट्यावरून सासू आक्काबाई बघत होत्या. "काम दिसलं की हिला दम लागतो. ताटावर बसल्यावं कसा लागत न्हाई?"

खरं तर ताटावरही लागत होता. चार घास खाऊन ती ताट बाजूला सारायची. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपायची. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी पाळणा हलला नव्हता, त्या रागाला आता हे निमित्त मिळालं. मोनिकालाही आधी तिचा रागच यायचा, कारण ज्ञानेश्वरीच्या वाटचं काम शेवटी मोनिकाच्याच अंगावर पडे. पण त्या शिरा पाहून ती चरकली. तिने दिराला, ज्ञानेश्वरीच्या नवऱ्याला करणला बाजूला घेऊन सांगितलं, की हे सोंग नाही, डॉक्टरला दाखवा.

राहात्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, हृदयाची तपासणी केली, मानेतल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. दोन्ही फुप्फुसांच्या मधोमध मोठी गाठ होती आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचू लागलं होतं. पाणी वाढलं तर हृदयाला फुलायला जागा उरणार नाही, रिपोर्टची वाट न पाहता आजच नगरला न्या, असं त्यांनी करणला बजावलं. उपचार सरकारी योजनेत बसतील हेही सांगितलं.

करण तिला नगरला घेऊन गेला नाही. घरी घेऊन आला आणि आईला विचारलं.

मग रिपोर्ट आला. लिम्फोमा. हा कॅन्सर औषधांना चांगली दाद देतो, पुष्कळ माणसं बरी होतात, असं डॉक्टर फोनवर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. घराने त्यातला एकच शब्द ऐकला. त्या दिवसापासून ज्ञानेश्वरीचा कप वेगळा झाला, ताट वेगळं झालं आणि अंथरूण क्रेट ठेवायच्या पत्र्याच्या खोलीत गेलं.

मोनिकाने नगरला न्यायचा विषय काढला तेव्हा आक्काबाई शांतपणे म्हणाल्या, "पैशाचा प्रश्न न्हाई. रीतीचा हाय. आमी धडधाकट बघून पोरगी केल्ती. आता ज्याची लेक त्यानं न्यावी."

करण मोबाईलमध्ये मान घालून बसला होता. त्याने ती वर केली नाही.

ज्ञानेश्वरीचे वडील कानिफनाथ पारनेरहून आले. लेकीजवळ बसले, उपरण्याने तिचं तोंड पुसलं. पण तिला घेऊन जायची भाषा त्यांनीही केली नाही. जावयांनी दवाखान्यात न्यावं, मी सोबतीला राहतो, असं हात जोडून म्हणाले. आक्काबाईंनी नकार दिला. निघताना कानिफनाथांनी मोनिकाला हळूच सांगितलं, की धाकटी पूजा लग्नाची आहे, थोरली माघारी आली असं गावात झालं तर तिला कोण करून घेईल? मग ते एसटीने परत गेले.

मोनिका चहा घेऊन गेली तेव्हा ज्ञानेश्वरी भिंतीला टेकून धापा टाकत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"ताई," एकेका शब्दाला थांबत ती म्हणाली, "मी नेमकी कुनाच्या घरची?"

मोनिकाने चहाचा कप तिच्या ओठांशी धरला.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी ज्ञानेश्वरीचे ओठ निळे पडलेले दिसले. हात गार, नाडी लागेना, हाक मारली तरी नजर भलतीकडेच. मोनिका धावत बाहेर आली. भीमा टेम्पो भरत होता.

"पेरू उतरवा," ती म्हणाली.

आक्काबाई टेम्पोसमोर येऊन उभ्या राहिल्या. "तिच्या बापाला फोन केलाय. त्यो येईल न्यायला."

"येऊ द्या. नगरला येऊ द्या त्यांना."

भीमाने आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि क्रेट खाली ठेवायला लागला.

नगरच्या दवाखान्यात सुई घालून हृदयाभोवतीचं लालसर पाणी काढलं. ज्ञानेश्वरीने डोळे उघडले, प्यायला पाणी मागितलं, मोनिकाचा हात धरून ठेवला. वाचली, असं वाटलं. पण गाठीने श्वासनळीही दाबत आणली होती आणि हृदय पार थकून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली. करण त्यानंतर पोचला. डॉक्टरांनी त्याला एवढंच विचारलं, की पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच का नाही आणलीत?

तेराव्याला अंगणात मांडव घातला होता. पंगत उठायच्या आधी आक्काबाईंनी कानिफनाथांना सगळ्यांदेखत ऐकवलं, की तुमी आजार लपवून लेक दिली, तरी आमी तोंड उघडलं न्हाई. आता पूजा आमच्या करनला द्या, म्हंजी सोयरीक टिकंल. पूजा बायकांच्या पंगतीत होती. कानिफनाथांनी पत्रावळीकडे नजर वळवली. मग त्यांची मान होकारासाठी हलू लागली.

वरण वाढणाऱ्या मोनिकाने भांडं खाली ठेवलं.

"आजार लपवून न्हाई दिली. आजार या घरात आला आन् या घरातच लपवला."

"तुला कोनी इचारलं?" आक्काबाई म्हणाल्या.

"कोनी न्हाई. ज्ञानेश्वरीलाबी कोनी इचारलं न्हाई." ती कानिफनाथांकडे वळली. "काका, उद्या पूजा आजारी पडली तर कोन नेनार, ते आधी ठरवा. तवर मान हलवू नका."

"मला न्हाई करायचं," पूजा म्हणाली. आवाज बारीक होता, पण मांडवभर ऐकू गेला.

आक्काबाईंनी दाराकडे बोट केलं. "उचल तुझी पिशवी आन् जा माहेरी," त्या मोनिकाला म्हणाल्या.

"न्हाई जानार. मी हितलीच हाय. उद्या मी आजारी पडले तर ह्याच दारातनं मला दवाखान्यात न्यायचं हाय."

तिने भांडं उचललं आणि राहिलेल्या पंगतीला वरण वाढू लागली. जेवायला बसलेल्या प्रत्येकाच्या घरी एक तरी सून होती, आणि बहुतेकांची एक तरी लेक कुणाच्या ना कुणाच्या घरी दिलेली होती. कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहिलं नाही.