अठरा तारखेपुढचा कागद

आमची लीग मोबाईलवरच्या गेमची. पाच-पाच पोरांच्या दहा टीम, बाळकुमला भाड्याचा हॉल, आणि नौपाड्यात दाताच्या दवाखान्यावर ऑफिस. वेळापत्रक मी करते. "ऐश्वर्यावहिनी, हा काय जॉब असतो?" असं सासरी दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. मी आता उत्तर देत नाही, चकली खाते.

चार वर्षं आमचा सीझन एकाच पद्धतीचा होता. प्रत्येक टीम प्रत्येकीशी चारदा खेळणार. एकेकीचे छत्तीस सामने, दहा महिने, सगळे शनिवार-रविवार. जूनपर्यंत कोण वर, कोण तळाला, ते ठरलेलं असायचं आणि नोव्हेंबरपर्यंत आम्ही सगळे ते पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसायचो. पोरं मनगटाला पट्ट्या बांधून यायची. प्रेक्षक कमी झाले. माझी सान्वी नऊ वर्षांची झाली, त्यातले चार वाढदिवस मी हॉलमध्ये हेडफोन लावून काढले. मी थकले होते, आणि थकलेय म्हणायचाही कंटाळा आला होता.

म्हणून मालक हर्षितसर जेव्हा म्हणाले, "फॉर्मॅट टाइट कर," तेव्हा मी एका आठवड्यात केला. दोन गट, प्रत्येकी पाच टीम. चार सामने खेळा, प्रत्येक गटातल्या तळाच्या दोघी घरी. उरलेल्या सहांमध्ये हरला तो गेला. सामने आठवड्याच्या मधल्या दिवसांतही, नऊ आठवड्यांत खेळ खलास, आणि रविवार मोकळा.

सगळ्या कॅप्टनना बोलावून मी तो दाखवला. नऊ जणांनी माना डोलावल्या. दहावा सम्यक. मोहने गावचा, चोवीस वर्षांचा, म्हणजे आमच्याकडचा म्हातारा. मनगट सगळ्यात जास्त त्याचंच दुखायचं.

"ताई, जुनाच बरा होता," तो म्हणाला.

"तुला बरा? अरे, मागच्या महिन्यात तुला चमचा धरता येत नव्हता."

"हो, पण यात पुढच्या तारखाच नाहीत ना. घरी काय लावू?"

मग त्याने सांगितलं. वडील दगडू कारखान्यात होते तेव्हा त्यांच्या पाळ्यांचा कागद दाराजवळच्या खिळ्याला असायचा. कारखाना बंद पडला, खिळा राहिला. सम्यक लीगमध्ये आला तेव्हा आईने आमचं वेळापत्रक त्या खिळ्याला अडकवलं. छत्तीस तारखा. ती रोज बघते, सामना असेल त्या दिवशी डबा भरते, आल्यावर पेनने खूण करते. गेम तिला कळत नाही, पण कागद कळतो. कागद आहे म्हणजे पोरगा कामाला आहे.

मी हसले. वाईट वाटतं सांगायला, पण हसले. म्हटलं, "जिंकत राहा की, तारखा आपोआप येतील." नवा कागद छापला. चार तारखा, आणि खाली रिकाम्या चौकटी. "पात्र ठरल्यास." तळाशी जुन्या सवयीने माझाच नंबर राहिला.

सीझन पाच मार्चला सुरू झाला. सम्यकची टीम चारातले तीन सामने हरली आणि अठरा तारखेला बाहेर पडली. मी त्याच्याशी हात मिळवला, जपून, आणि म्हटलं, "आता मनगटाला आराम दे." पुढचा रविवार मी घरी होते. दुपारी झोपले. चार वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी हॉलवर गेले तर सम्यक मागच्या रांगेत बसलेला, दुसऱ्यांचा सराव बघत. मला कौतुक वाटलं. हर्षितसरांना म्हटलंसुद्धा, शिकायची हौस याला म्हणतात.

मंगळवारी सकाळी साडेदहाला फोन आला.

"म्याडम, मी जाईबाई. सम्यकची आई, मोहन्यावरून. कागदावर तुमचा नंबर हाय."

"बोला ना."

"अठरा तारखेपुढं कागद कोरा हाय. पोरगा तर रोज डबा घेऊन जातो. मॅच हाय म्हणतो."

मला मागची रांग आठवली, आणि माझं ते कौतुक.

"तुम्ही काय सांगू नका," तीच म्हणाली. "मला कळतंय. ह्याचे वडील कारखाना बंद झाल्यावर तीन महिने असाच डबा घेऊन जायचे. स्टेशनावर बसून खायचे. तवा बी मी इचारलं नाही, आता बी त्याला इचारनार नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, किती दिस भरू?"

वेळापत्रक करणारी बाई मी, आणि माझ्याकडे एक तारीख नव्हती. समोर भिंतीवर कॅलेंडर होतं. हॉल फक्त रविवारी रिकामा असतो, कारण तो मीच रिकामा केला होता.

"एकोणतीस तारखेपासून," मी म्हटलं. "दर रविवारी. बाहेर पडलेल्या चार टीमचे सामने आहेत. मे महिन्यापर्यंत. कागदावर छापायचे राहिले, चूक माझी."

"थांबा. पेन घेते."

खिळ्यावरून कागद काढल्याची खसखस ऐकू आली. ती एकेक तारीख मोठ्याने म्हणत लिहीत होती, मी कॅलेंडर बघून सांगत होते. एकोणतीस. पाच. बारा. एकोणीस. एकोणीस एप्रिल सान्वीचा वाढदिवस. तोही सांगितला.

"आणि मधल्या दिवशी?" तिने विचारलं.

"सराव असतो. डबा द्या."

फोन ठेवला आणि हर्षितसरांच्या केबिनमध्ये गेले. बाहेर पडलेल्यांसाठी रविवारची फेरी हवी म्हटलं. ते म्हणाले, "तूच रविवार मोकळे मागितलेस ना? आणि हरलेल्यांच्या मॅचेस बघणार कोण?"

"कुणी नाही बघितल्या तरी चालेल," मी म्हटलं. "पण व्हायला पाहिजेत. मी तारखा देऊन बसलेय."

"कुणाला?"

मी खुर्ची ओढून बसले. मोहन्यात तोवर तो कागद परत खिळ्याला लागला असणार, पेनाने लिहिलेल्या तारखांसकट. यांना हो म्हणायला लावल्याशिवाय मला आता उठता येणार नव्हतं.