व्हर्ना प्रेक्षकांत बसते

"अगं ताई, कापसाच्या अस्वलाचा जीव गुदमरेल! दोन-दोन पिशव्या कशाला?" दारियाने विचारलं.

"गुदमरू दे. एक धागा जरी बर्फावर पडला ना, तरी बर्फ तासणाऱ्या गाडीच्या पात्यात गुंतून बसतो. तुला काय कळणार!" व्हर्ना ह्नात्युकने पिशवीची गाठ पुन्हा घट्ट केली.

कॅनडातल्या सास्काटूनच्या त्या भल्यामोठ्या क्रीडागृहाचा बर्फ व्हर्नाने एकोणतीस वर्षं सांभाळला होता. शनिवारी गाण्याचा कार्यक्रम, रविवारी बर्फावरची हॉकी, मध्येच कधी सर्कस. कार्यक्रमापुरत्या बर्फावर फळ्या पडायच्या, निघायच्या. खालचा बर्फ मात्र व्हर्नाचा. सप्टेंबरात ती निवृत्त झाली. आज धाकट्या बहिणीने तिला ओढून आणून प्रेक्षकांत बसवलं होतं, तेही तिथून हलणार नाही असं वदवून घेऊन.

डिसेंबरातल्या या रविवारी घरच्या संघाचा पहिला गोल झाला, की सगळ्यांनी आणलेली कापसाची अस्वलं बर्फावर फेकायची. मग ती इस्पितळातल्या मुलांना जातात. व्हर्नाने आजवर हजारो अस्वलं उचलली होती. फेकलं एकही नव्हतं.

गोल झाला! चहूकडून अस्वलंच अस्वलं. व्हर्नाने सगळा जोर लावून आपलं भिरकावलं, ते दोन रांगा पुढच्या एका गृहस्थाच्या टकलावर आपटलं.

"आजी, बर्फ तिकडे आहे!" तो हसत म्हणाला आणि त्यानेच ते पुढे फेकलं. व्हर्ना पोट धरधरून हसली. इतकी मजा वर प्रेक्षकांत असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

खेळाडूंनी अस्वलं गोळा केली, आणि बर्फ गुळगुळीत करणारी गाडी घेऊन रोझली कार्डिनल आली. चाळिशीच्या रोझलीला व्हर्नानेच तयार केलं होतं. पण अस्वलांच्या दिवशी ती आज पहिल्यांदाच एकटी उतरत होती.

व्हर्नाचं हसू मावळलं. बर्फावरच्या निळ्या रेषेजवळ काहीतरी काळं चमकत होतं. बटण असणार, कुठल्यातरी अस्वलाचा डोळा. गाडीच्या पाण्याखाली ते तिथेच गोठलं आणि एखाद्या खेळाडूच्या बुटाखालचं पातं त्यावर अडखळलं, तर पोराचा गुडघा कायमचा जायचा.

"रोझली! डावीकडे बघ!" ती ओरडली. एवढ्या गलक्यात कोण ऐकतंय!

"ताई, बस खाली. लोक बघतायत."

"अगं, तिला दिसलं नाहीये!"

गाडी सरळ येत होती. दहा हात. पाच हात. थांबली. रोझली उतरली, गुडघ्यावर बसली, हातमोजा काढला आणि नखाने बटण उकरून तिने खिशात टाकलं. मग तिथला बर्फ उघड्या तळव्याने चाचपून पाहिला. हे तर व्हर्नाने तिला शिकवलंही नव्हतं.

व्हर्ना हळूहळू खाली बसली. आपल्यावाचून सगळं नीट चाललं होतं.

गाडीमागे ओला बर्फ लखलखत गेला. लोक पॉपकॉर्नच्या रांगेत होते, नाहीतर फोनवर. व्हर्ना उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

"टाळ्या कुणाला? खेळ कुठे सुरू झालाय?" दारियाने विचारलं.

"रोझलीला. या कामाला कुणी टाळी वाजवत नाही गं. कधीच नाही. वाईट वाटतं."

मांडीवरचे पॉपकॉर्न बाजूला ठेवून दारियाही उठली. खाली रोझलीची गाडी दारातून आत गेली. तिला काही ऐकू गेलं नसावं. तरी दोघी टाळ्या वाजवत राहिल्या.