अंकात छापून आलेली भिंत

मी भिंत बोलतेय. पण गैरसमज नको, मला कोणा गवंड्याने बांधलेलं नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन तडकली, त्या भेगेत खालून लाव्हा चढला आणि तिथेच थिजला. तीच मी. भोवतालचा मऊ खडक ऊनपावसाने झिजत गेला, मी तेवढी उभी राहिले. सोनगीरच्या अलीकडे, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, दीड किलोमीटर लांब आणि दोन पुरुष उंच अशी मी शेतांमधून सरळ रेषेत गेले आहे. माझे दगड सरपण रचून ठेवावं तसे आडवे आहेत. त्यामुळे गावातले लोक म्हणत, "हाई भित देवनी बांधेल शे." मीही ते कधी खोडून काढलं नाही. फुकटचा मान कोणाला नको असतो?

माझं खरं नाव मला कळलं ते प्रेमराज सरांमुळे. धुळ्याच्या कॉलेजात ते भूशास्त्र शिकवायचे. पंचवीस वर्षांपूर्वी ते विद्यार्थ्यांना घेऊन आले, माझ्या अंगावर तळवा टेकवला आणि म्हणाले, "पोरांनो, हिला डाईक म्हणतात. हात लावा, पण जरा अदबीने. ही तुमच्या आजोबांच्या आजोबांपेक्षा मोठी आहे." मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

पुढे सरांनी 'खान्देश भूविज्ञान मंडळ' काढलं. सभासद चाळीसच, पण उत्साह चारशेंचा. जानेवारीतल्या एका रविवारी मंडळाची सहल माझ्याकडे यायचीच. या लोकांच्या सवयी मोठ्या गमतीच्या. माझा फोटो काढायचा तर आधी माझ्या अंगावर हातोडा ठेवतात, म्हणे आकाराचा अंदाज यावा. दगडाचा तुकडा उचलला की जिभेला लावून बघतात. जळगावकर केळी आणतात, धुळेकर वाद आणतात, आणि दोन्ही संपेपर्यंत कोणी हलत नाही.

मंडळाचं तीन महिन्यांनी एक वार्तापत्र निघतं. कोणाचा सत्कार झाला, कोणाला पीएचडी मिळाली, कुठल्या शाळेत खनिजांचं प्रदर्शन भरलं, शिवाय मागच्या सभेचं इतिवृत्त. सभासदही स्वतःचं नाव शोधून अंक मिटून ठेवतात. पण निवृत्तीनंतर सरांनी एकच ध्यास घेतला होता. मला सरकारने भूवारसा म्हणून जाहीर करावं, म्हणजे कोणी हात लावणार नाही. त्यासाठी त्यांनी माझ्यावर खास अंक काढायचं ठरवलं.

अंकाचं काम साक्षीकडे होतं. ती चाळीसगावची, सरांची विद्यार्थिनी, आता मंडळाची सचिव. माझ्याच सावलीत बसून दोघांनी मजकूर वाचला. साक्षी जरा घुटमळली. "सर, नकाशा, लांबी-रुंदी, प्रयोगशाळेतली चाचणी, एवढं सगळं छापायचं?"

"अगं, शास्त्र अर्धवट सांगायचं नसतं," सर म्हणाले. "लोकांना कळू दे, हिचं मोल काय आहे ते."

आणि त्यांनी ठळक अक्षरांत छापलं, 'खडक ताजा, जराही न झिजलेला, अत्यंत कठीण. दाब सोसण्याची क्षमता या भागात सर्वोत्तम.' तीनशे प्रती निघाल्या. सरांनी त्या स्वतः स्कूटरवरून वाटल्या. कचेऱ्यांत दिल्या, ग्रामपंचायतीत दिल्या, महामार्गावरच्या चहाच्या टपरीवरसुद्धा ठेवल्या. मी फुगून गेले होते, खोटं कशाला बोलू!

चार महिन्यांनी एक माणूस अंक हातात घेऊन आला. मला वाटलं, मंडळाचा नवा सभासद असेल. पण त्याने हातोडा ठेवून फोटो काढला नाही, दगड जिभेला लावला नाही. त्याने मला नुसतं पावलांनी मोजलं. तो खडीचा ठेकेदार होता. पाऊस सरल्यावर खडीक्रशर आला, माझ्या पूर्वेच्या टोकाला भोकं पडली आणि पहिला सुरुंग उडाला. साडेसहा कोटी वर्षांत मला असं दुखलं नव्हतं.

सर आणि साक्षी धावत कचेरीत गेले. तिथला साहेब भला माणूस होता, त्याने चहा मागवला, फाईल उघडून समोर ठेवली. अर्जाला माझाच खास अंक जोडलेला होता आणि 'अत्यंत कठीण' या शब्दांखाली लाल रेघ होती. साहेब म्हणाला, "सर, दगडाच्या दर्जाचा पुरावा लागतो. ठेकेदाराने तुमचाच जोडलाय. परवाना नियमाने झालाय, मी काय करू?" हे साक्षीने माझ्या पायथ्याशी बसून मैत्रिणीला फोनवर सांगितलं तेव्हा मला कळलं. सांगताना ती रडत होती. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

मंडळाने हातपाय हलवले नाहीत असं मी म्हणणार नाही. तातडीची सभा झाली, ठराव झाला, चाळीस सह्यांचं निवेदन गेलं. पुढच्या अंकात अर्धं पान निषेध छापून आला. उत्तर आलं, भूवारशाचा प्रस्ताव विचाराधीन आहे. तो विचार चालू असताना माझा तिसरा हिस्सा गेला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण आता ठेकेदाराची माणसं जमिनीखाली उतरणार आहेत. मी वर दिसते त्यापेक्षा खाली कितीतरी खोल आहे. उत्तरेकडून उतारावरून मुरत येणारं पाणी खाली मला अडतं. म्हणूनच माझ्या वरच्या अंगाला, उत्तरेला शेत असलेल्या भिकुबाईच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं आणि खालच्या अंगाच्या विहिरी फेब्रुवारीतच आटतात. सरांनी हे आकृती काढून त्याच अंकात दाखवलं होतं. पण ते शेवटच्या पानावर होतं, बारीक अक्षरांत.

गेल्या रविवारी सर आणि साक्षी दोघंच आले. केळी नव्हती, वाद नव्हता. भिकुबाईने त्यांना बांधावर बोलावलं. नवरा गेल्यापासून ही बाई एकटी शेत बघते. तिने विहिरीचं पाणी तांब्यात आणून दिलं.

"बठा सर. यंदा लिंबूनी बाग लावनी शे. दोनशे रोपं सांगी ठेवात," ती कौतुकाने म्हणाली. मग माझ्याकडे हात करून विचारलं, "हाई भित तोडी ऱ्हायनात, पन मनी विहीरले काही व्हनार नही ना? तुमीन जानकार मानूस शेतस."

सरांनी पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला, परत उचलला.

"लावा अक्का," ते म्हणाले. "लावा बाग."

गाडीकडे जाताना साक्षी थांबली. "सर, तुम्ही तिला सांगितलं नाही."

"काय सांगू? तुझी विहीर मी लिहिलेल्या ओळीने आटणार आहे, असं सांगू?" सर माझ्याकडे पाठ करून उभे होते. "तू तरी कुठे सांगितलंस?"

मला दोघांचाही राग आला आणि दोघांचीही दया आली. रागावून तरी मी काय करणार, जागची हलता येत नाही मला.

सोमवारपासून भिकुबाई खड्डे खणते आहे. थकली की माझ्या सावलीत टेकते, भाकरी खाते, पुन्हा उठते. तिच्या बांधापासून शंभर पावलांवर सुरुंगाची नवी भोकं पडली आहेत. ती आवाज ऐकते आणि कुदळ मारत राहते, कारण सर 'लावा' म्हणाले आहेत.

मंडळातल्या माणसांनो, माझ्यासाठी आता ठराव करू नका. माझी खडी होईल, रस्त्यावर पडेन, तिथेही कठीणच राहीन. तुम्ही माझ्यावर माया केलीत, ती मी विसरणार नाही. पण तुमच्यापैकी कोणीतरी, सरांना जमत नसेल तर दुसऱ्या कोणी, त्या बाईच्या बांधावर जा आणि खरं सांगा. मला तोंड असतं तर मी पहिल्याच खड्ड्याला ओरडले असते. रोपांची गाडी गुरुवारी येते आहे.