बिनखिळ्याची भिंत

दार वाजलं तेव्हा इस्त्रीकाकू चहा गाळत होत्या. दारात तळघरातली सून उभी होती, कडेवर मूल, आणि तिच्या मागे तिचा नवरा, चपला आधीच काढून हातात धरलेल्या.

"काकू, पाचच मिनिटं हं. भिंतीचं माप घेऊ का?"

"कुठल्या भिंतीचं?"

"हीच की. पलंग बसतो का बघायचंय." तिने मूल नवऱ्याकडे दिलं आणि काकू काही म्हणायच्या आत भिंतीला वीत लावत सुटली. "इथे पलंग... इथे सासूबाईंचं अंथरूण, खिडकीजवळ, त्यांना हवा लागेल. काकू, तुम्ही गावी परत चाललात ना? मालकीणबाई म्हणाल्या, महिनाअखेर खोली रिकामी होतेय, तुम्ही या वर राहायला. किती बरं वाटत असेल तुम्हाला! शेवटी आपलं घर ते आपलं घर."

काकूंच्या हातातली गाळणी कलंडली आणि चहा ओट्यावर ओघळला.

"भिंत मात्र छान जपलीत हो," सून म्हणाली. "एक खिळा नाही, एक भोक नाही. कोरी करकरीत!"

ती गेली आणि काकूंच्या पायाला भिंगरी लागली. खिडकीशी गेल्या, परत आल्या. पलंगाखालची बॅग ओढली, उघडली, वरच्या शालीवरून हात फिरवला, बंद केली, आत ढकलली. पुन्हा ओढली. खोलीत कपाट नव्हतं. काकूंचे कपडे या बॅगेत, गेलेल्या नवऱ्याचे दुसऱ्या बॅगेत, भांडी खोक्यात आणि आरसा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेला. अर्ध्याहून जास्त आयुष्य या खोलीत गेलं होतं, पण कुणी 'चला' म्हटलं असतं तर दुपारपर्यंत निघता आलं असतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं.

पण 'चला' कुणी खरंच म्हणेल, असं काकूंना कधी वाटलं नव्हतं.

गावाकडून इथे कमवायला आलेल्या काकूंच्या माणसांत सगळ्यांचं असंच होतं. "मग, कधी जाणार परत?" असं कुणी विचारलं, की "पुढच्या वर्षी" म्हणायचं. 'कसं काय'ला 'बरं आहे' म्हणतो ना आपण, अगदी तसं. लग्नात म्हणायचं, मयताला जमलं तरी म्हणायचं. नवऱ्याला दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्याने विचारलं, तर हा नाकातली नळी सावरत म्हणाला, "पुढच्या वर्षी." खरंच परत गेलेली माणसं कुणाला धड आठवतही नव्हती. पण 'आम्ही इथेच राहणार' हे मात्र कुणी उच्चारायचं नाही. उच्चारलं की तिकडच्या घराचं दार कायमचं मिटतं, अशी समजूत. काकूंची नणंद एकदा रागाच्या भरात तसं बोलून गेली, तर सासूबाईंनी तिला तिथल्या तिथे चूळ भरायला लावली होती.

खिळ्याचंही तेच. लग्न होऊन काकू इथे आल्या त्या आठवड्यात त्यांनी आरसा टांगायला खिळा मागितला होता. नवरा हसला. "भाड्याच्या भिंतीत खिळा? वेडी का काय! खिळा आपल्या घरात ठोकू." आणि ते घर तिकडे, गावी, खोलीखोलीने उभंही राहिलं. इथला पगार तिकडच्या विटांत गेला. काकू एकदा जाऊन राहून आल्या होत्या. पुढच्या खोलीत दिरांनी कांदे पसरले होते. आळीतल्या बायका भेटायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "पाहुण्या कधीपर्यंत आहेत?"

काकूंनी मुलाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात, दोन खोल्यांत बायको आणि दोन पोरांसह.

"बरंच झालं की आई," तो म्हणाला. "तिकडे एवढं घर कुलपात आहे. जा ना निवांत. बाबांची इच्छाच होती."

"बाबांची होती."

"मग? तूच तर सारखी म्हणायचीस, पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. आम्ही लहानपणी त्या भरवशावर कुत्रं पाळलं नाही!"

"अरे, ते आपलं बोलायचं असतं."

"म्हणजे?"

"ठेवते, दुधावर लक्ष नाहीये," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतंच.

चूक कुठे झाली ते त्यांना ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात जिन्यातली पाण्याची नळी बघायला नीळवाली आली होती. नीळवाली म्हणजे या घराची आताची मालकीण. तीच दोन पायऱ्या खाली थांबून म्हणाली, "मग, कधी जाणार परत?"

"पुढच्या वर्षी, बघ."

"या खेपेला खरंच?"

त्या दिवशी गुडघे फार ठणकत होते. काकू म्हणाल्या, "खरंच गं. आता काय राहिलंय माझं इथे?"

हे शेवटचं वाक्य नडलं. हात दाखवून अवलक्षण. काकूंच्या माणसांपैकी कुणी ऐकलं असतं, तर "हो हो, जाऊ सगळेच" म्हणून पुढे गेलं असतं. पण नीळवाली त्यांच्यातली नव्हती.

दोघी एकाच थंडीत लाँड्रीत लागल्या होत्या. इथले मूळचे लोक वरच्या रस्त्याला राहत. त्यांच्या चादरी, शर्ट, टेबलांवरची कापडं गाडी भरून खाली यायची. एक पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायची, तिचे हात कोपरापर्यंत निळे. दुसरी इस्त्रीच्या टेबलाशी उभी. वरच्या रस्त्यावरच्यांना दोघी सारख्याच. "तुम्ही लोक" म्हणायचे, आणि एकीच्या नावाने दुसरीला हाक मारायचे. दोघी त्यावर पोट धरून हसायच्या. एकीच्या मुलखापासून दुसरीच्या मुलखापर्यंत मध्ये अख्खा समुद्र होता. पगार मात्र सारखा, जेवायचा बाक एक.

घरी गेल्यावर वाटा वेगळ्या व्हायच्या. नीळवालीची माणसं नेसत्या वस्त्रांनिशी पळून आलेली. मागे गावच उरलं नव्हतं. त्यांनी आधी एक यंत्र भाड्याने घेतलं, मग कोपऱ्यावरची लाँड्री, मग राहतं घर. काकूंची माणसं त्यांना नावं ठेवत, "चिकट लोक. हसायलासुद्धा काटकसर." ती माणसं काकूंच्या लोकांना म्हणत, "एक पाय इथे, एक पाय तिथे. मध्ये पडतील धपकन." आणि आता काय, नीळवालीने हे घरही विकत घेतलं होतं, वरच्या मजल्यापासून तळघरापर्यंत.

काकूंनी पायात चपला अडकवल्या. काढल्या. पुन्हा अडकवल्या आणि निघाल्या.

नीळवाली लाँड्रीच्या मागच्या खोलीत टॉवेलच्या घड्या घालत होती. मालकीण झाली तरी दुपारी तासभर घड्या घातल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. जित्याची खोड. तिच्या मागे भिंतीवर फळ्या, फोटो, घड्याळ, चाव्यांचे हुक, कॅलेंडर. हाताएवढी जागा मोकळी नव्हती.

"ये गं," ती म्हणाली. "आवराआवर सुरू झाली का?"

काकूंनी टॉवेल उचलला आणि घडी घालायला घेतली. घडी वाकडी झाली. उलगडली, पुन्हा घातली.

"तळघरातली सून आली होती. वितीने भिंत मोजून गेली."

"गुणी पोर आहे."

"माझी खोली दिलीस तू."

"तूच म्हणालीस जाते म्हणून."

"मी दरवर्षी म्हणते!"

"या वर्षी म्हणालीस, काय राहिलंय इथे." नीळवालीचे हात थांबले नव्हते. "नवरा गेला तुझा. मुलगा लांब. मला वाटलं, सुटली बिचारी. जाईल आता आपल्या घरी."

"अगं, ते बोलायचं असतं. आमच्यात सगळे म्हणतात."

"आमच्यात कुणी म्हणत नाही," नीळवाली म्हणाली. "थट्टेतसुद्धा नाही. जायला काही उरलेलं नाही, तर म्हणणार काय? तू बाकावर बसून पुढच्या वर्षी म्हणायचीस ना, तेव्हा मी घरी जाऊन रडायचे. वाटायचं, हिला एक दार आहे कुठेतरी. मला नाही."

काकूंना हे कधीच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत नाही. त्या दोन टॉवेल घेऊन उभ्या राहिल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

"दार आहे. आत कांदे आहेत," त्या म्हणाल्या.

नीळवालीला हसू आलं. ते तिने दाबलं. "हसवू नकोस मला. मी त्यांना शब्द दिलाय. खाली ओल आहे, म्हातारी खोकते, रात्रभर ऐकू येतं."

"मला सांगतेस ओल? पहिली तीन वर्षं कुठे काढली मी? पोराच्या अंगाखालची गादी रोज उन्हात घालायचे."

"मग तर तुला कळायला हवं."

"कळतं गं. कळत नाही असं नाही." काकूंचा आवाज चढला. "आपण एकाच पाण्यात हात घातले. तू झालीस मालकीण, आणि मला कुठे राहू म्हणून तुला विचारावं लागतंय. सोपं आहे का ते?"

"मी इकडे घर घेतलं, तू तिकडे बांधलंस. तेवढ्याच पैशांत. मी काय चोरी केली?"

यंत्र आत गरगरत होतं. काकू दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"सारखी येरझारा घालू नकोस, मला चक्कर येते," नीळवाली म्हणाली. "काय हवंय तुला ते नीट म्हण. आडून आडून नको. तुमचं ते पुढच्या वर्षीचं पालुपद नको. एकदा धड म्हण, मग बघते मी."

काकूंनी तोंड उघडलं. जिभेला सवयच नव्हती. सासूबाई, नवरा, नणंद, सगळी मेलेली आणि जिवंत माणसं मागे येऊन उभी राहिल्यासारखं झालं त्यांना.

"मी इथेच राहणार," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की स्वतःचाच राग आला. मग मोठ्याने म्हणाल्या, "इथेच राहणार मी. मरेपर्यंत. त्याच खोलीत."

काही झालं नाही. यंत्र तसंच गरगरत राहिलं. काकूंच्या तोंडाला मात्र कोरड पडली.

नीळवालीने तांब्यातून पेलाभर पाणी ओतून पुढे केलं. काकूंनी क्षणभर त्या पाण्याकडे पाहिलं. चूळ भरली नाही. सगळं पाणी पिऊन टाकलं.

"बरं," नीळवाली म्हणाली. "खोली तुझी. पण त्या पोरीला तू सांगायचं. माझ्या तोंडून ते निघणार नाही." मग ती उठली, खणात खुडबुड केली आणि हातोडा काढून काकूंच्या हातात ठेवला. "आणि हा ने. त्या खोलीत काही टांग आता. कोरी भिंत बघून कुणालाही वाटणारच, ही बाई निघालीय."

तळघराच्या पायऱ्या उतरताना काकूंना हातोडा कुठे लपवावा ते कळेना. शेवटी पदराखाली धरला.

खोली त्यांच्या ओळखीची होती. तीच उंच, पट्टीएवढी खिडकी, ये-जा करणाऱ्यांचे नुसते पाय दिसणारी. कोपऱ्यातला ओलीचा डाग तेवढा मोठा झाला होता. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. बॅगा एकावर एक रचलेल्या, दोरीवर कपडे, खोक्यात भांडी. एक खोकं तर आजच बांधून ठेवलेलं, वर नेण्यासाठी. आरसा खिडकीखाली टेकवलेला. भिंतीवर काही नव्हतं.

काकूंनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मी जात नाहीये. चूक माझी. मालकीणबाईंना काही बोलू नका."

सुनेचा चेहरा उतरला. तिने सासूकडे पाहिलं, मग त्या बांधलेल्या खोक्याकडे. "मी त्यांना खिडकी दाखवून आणली होती," ती म्हणाली. "सकाळी. तुम्ही बाहेरचा ओटा धूत होतात तेव्हा, दारातूनच." म्हातारी खोकली. खोकला संपायला वेळ लागला.

काकूंना वाटलं, म्हणावं की घ्या, राहा तुम्हीच. शब्द ओठापर्यंत आले आणि त्यांनी ते गिळले. आज एकदाच खरं बोलल्या होत्या, ते मोडायचं नव्हतं.

मग सुनेने मान ताठ केली. कडेवरचं मूल वर सरकवलं आणि हसल्यासारखं केलं. "जाऊ दे काकू. आम्हाला तरी काय, थोड्या दिवसांसाठी कशाला वरची खोली? आम्ही काय कायमचे आलोय? पुढच्या वर्षी नाहीतर..."

"तोंडात मारीन तुझ्या!"

पदराखालचा हातोडा बाहेर आला होता आणि तो काकूंच्या हातात पाहून नवरा एक पाऊल मागे सरला.

"तुला नाही गं मारत," काकू ओशाळून म्हणाल्या. "खिळा आहे का तुमच्याकडे?"

"खिळा? आमच्याकडे कुठला खिळा, काकू?"

"माझ्याकडेही नाही." त्या वळल्या. गुडघे ठणकत होते तरी पायऱ्या भराभर चढू लागल्या. "दुकान बंद होईल. आणते. त्या आरशाला दोरी बांधून ठेव तोवर."

"पण काकू, भाड्याची भिंत..." सून खालून ओरडली.

काकू तोवर रस्त्याला लागल्या होत्या.